ग्रेज अ‍ॅनाटॉमी, सीझन 11, एपिसोड 21 : दोष भलत्याच डॉक्टरच्या माथी

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ही अमेरिकन वैद्यकीय मालिका 2005 पासून चालू आहे आणि तिच्या चाहत्यांना आजही ज्या एपिसोडवर वाद घालायला आवडतो तो हा, 'हाउ टू सेव्ह अ लाइफ'. 23 एप्रिल 2015 ला दाखवला गेला, लिहिलाय खुद्द मालिकेच्या निर्मात्या शोंडा राइम्सनी. मालिकेचा नायक, न्यूरोसर्जन डेरेक शेफर्ड, यात मरतो. एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा शेवट लपवत बसत नाही.

सुरुवातीला डेरेक रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्या चौघांना हाताशी असेल त्या सामानाने वाचवतो. नायकाला निरोप देण्यासाठी ठीक आहे, जरा लांबलंय. मग त्याची गाडी रस्त्यात आडवी, तो फोन शोधतोय आणि ट्रक येऊन आदळतो. खरा एपिसोड इथून सुरू होतो. त्याला नेतात डिलार्ड नावाच्या इस्पितळात, जिथे ट्रॉमाची, म्हणजे अपघातातल्या गंभीर दुखापतींची, तयारीच नाही.

गोव्यात बसून पाहणाऱ्याला हे जास्त टोचतं. एनएच 66 वर रात्री अपघात झाला की पहिला प्रश्न हाच असतो, की 108 कुठे नेणार? काणकोणचा असो की सत्तरीचा, डोक्याला जबर मार असेल तर बहुतेकांना शेवटी बांबोळीचं गोमेकॉच, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच, गाठावं लागतं. जवळच्या इस्पितळाचं काम म्हणजे श्वास आणि रक्तदाब सांभाळणं, बांबोळीला आधी फोन करणं आणि पेशंट पुढे पाठवणं. डिलार्डमध्ये यातलं काय चुकलं हे एपिसोड दाखवतो, पण बोट भलतीकडे करतो.

डेरेकला ऐकू येतं, कळतं, बोलता मात्र येत नाही. मनातल्या मनात तो डॉक्टरांना ओरडून सांगतोय, डोक्याचं सीटी काढा. कल्पना जबरदस्त आहे. वैद्यकीय दृष्ट्या तर ती कथेपेक्षाही पुढे जाते. जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे याचे 15 पैकी गुण, मोजा : डोळ्यांना पूर्ण 4 दिले, हालचालीला पूर्ण 6 दिले, तरी बोलण्याला 1. बेरीज 11 च्या वर जात नाही. ट्रकची धडक आणि जीसीएस 11, एवढ्यावर सीटीचा फॉर्म भरायला हवा. ज्युनियर डॉक्टर पेनेलोपी ब्लेक तेच म्हणते. सीनियर म्हणतो पोटात रक्तस्राव आहे, आधी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर.

इथे बहुतेक प्रेक्षक सीनियरला खलनायक ठरवतात. घाई नको. रक्तदाब कोसळतोय आणि फास्ट सोनोग्राफीत (अपघातानंतर पलंगाशीच झटपट करतात ती) पोटात रक्त दिसतंय, अशा पेशंटला सीटीच्या बोगद्यात ढकलणं चुकीचंच. पोट आधी, हेच ट्रॉमाचं शिक्षण सांगतं. सिस्टॉलिक, म्हणजे रक्तदाबाचा वरचा आकडा, एकदा जरी 90 च्या खाली गेलं तरी गंभीर डोकेदुखापतीतलं मरणाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. म्हणजे पोटातलं रक्त थांबवणं हे मेंदू वाचवण्याचंही काम असतं. रक्तदाब टिकून असेल तर मात्र गणित उलटतं. साधं, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता काढलेलं डोक्याचं सीटी काही मिनिटांत होतं आणि तेव्हा न काढायला सबब उरत नाही.

खरी चूक पुढची. पेशंटला भूल दिली की जीसीएस गेलं, मेंदूची खबर देणाऱ्या फक्त डोळ्यांच्या बाहुल्या उरतात. डोळ्यांना टेप, वर ड्रेप म्हणजे ऑपरेशनची चादर, सर्जनचं सगळं लक्ष पोटात. ती टेप दर पंधरा मिनिटांनी उचलून टॉर्च मारणं हे भूलतज्ज्ञाचं काम, आणि ते आठवणीत ठेवायला कुणाला तरी सांगून ठेवावं लागतं. डिलार्डमध्ये बाहुली फाकलेली दिसते तोवर खेळ संपत आलेला. मेंदू खाली सरकून तिसरी नस दाबली गेल्यावरच ती तशी फाकते. त्या क्षणी डोक्याची बाजू 30 अंश वर, थोडा वेळ व्हेंटिलेटरचा वेग वाढवायचा, आणि मेंदूची सूज उतरवायला 3 टक्के सलाइन. त्याच कामाचं दुसरं औषध, मॅनिटॉल, नव्हे, कारण रक्त गेलेल्या पेशंटला ते लघवीवाटे आणखी कोरडं करतं आणि रक्तदाब पाडतं. यातून मिळते ती जेमतेम उसंत, तेवढ्यात कवटी उघडणारा माणूस हजर हवा. त्यांचा न्यूरोसर्जन जेवायला गेलेला, तो पोहोचतो तेव्हा उशीर झालेला. पेशंट दारात आला तेव्हाच त्याला फोन गेला असता तर पोट उघडं असतानाच दुसऱ्या टोकाला तो काम करू शकला असता. दोन टीम एका टेबलावर, हे नवल नव्हे. एपिसोडने हा फोन ठळक करायला हवा होता. राग सगळा सीटीवर काढून तो मोकळा होतो.

शेवटचा भाग अभिनयाने तरला. डेरेकची बायको मेरेडिथ, तीही सर्जन, कागदावर सही करते, ब्लेकला सुनावते, यंत्र बंद होतं. फक्त मेंदू मृत होणं आणि उपचार थांबवणं या दोन गोष्टींची इथे खिचडी होते. आपल्याकडे अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभ (ब्रेनस्टेम) मृत घोषित करायला चार डॉक्टरांचं पॅनल लागतं, तपासण्या दोनदा, मधे किमान सहा तास. उपचार थांबवण्याचा रस्ता वेगळा, सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 आणि 2023 च्या निकालांचा. गोव्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2024 मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) केलं तेव्हा यावर बरीच चर्चा झाली होती. डेरेकच्या पलंगाशी नेमकं काय घडतंय हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

बघावा का? हो, आणि लगेच बाराव्या सीझनचा पाचवा एपिसोडही. ब्लेक तिथे जेवणाच्या टेबलावर मेरेडिथसमोर येते. सीटी मागणारी एकमेव मुलगी हीच होती, आणि मालिका तिच्याशी इथल्यापेक्षा तिथे जास्त प्रामाणिक वागते.