भाकरी की नुसतं मटण?

सावजीत बसलो की मामेभाऊ भाकरी माझ्याकडे सरकवतो आणि तर्रीदार मटण वाटीनेच पितो. कीटो सुरू आहे म्हणे, म्हणजे कर्बोदकं (भाकरी, भात, साखर) जवळपास बंद.

शरीराच्या हिशेबाने तो अगदीच चुकत नाही. काही अमिनो आम्लं आणि फॅटी आम्लं अन्नातूनच मिळवावी लागतात. कर्बोदकांचं तसं नाही. मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, पण ते ताटात नसलं तर यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून बनवतं. पुढे काही दिवसांत मेंदू बराचसा कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, चालू लागतो. १९२८ मध्ये स्टेफान्सन आणि अँडरसन हे दोघे ध्रुवप्रदेशाचे शोधक न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर जवळपास मांसावरच राहिले, तब्येत शाबूत ठेवून.

मग भाकरी कशाला? चोथ्यासाठी. मटणात तो शून्य. भावाला पहिल्या आठवड्यात डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ, दोन्ही झालं. इसबगोलचा डबा अजून फ्रिजवर आहे. शिवाय एका संत्र्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे डिसेंबरात नागपुरात राहून संत्री मोजून खायची!

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता भाकरी सोडू नये. डोस तोच राहिला तर साखर धाडकन खाली येते.

मी भाकरीवालाच. पण सकाळचे तर्रीपोहे, वर शेव, मग गोड चहा, यांची बाजू मी घेणार नाही. वजन आणि साखर कमी करायला भावाची वाटी त्यांच्यापेक्षा बरी.