आधी नकाशा, मग ड्रोन: सोलापूरच्या नवी पेठेतील एका दुकानाचा अनुभव

लग्नाच्या चित्रीकरणासाठी ड्रोन पाहायला गेलो, तेव्हा मालकांनी किमतीआधी डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडला आणि होटगी रोड विमानतळाभोवती बोट फिरवत सांगितले, की पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात परवानगीविना ४०० फूट उंचीपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. शिवाय २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने व्यावसायिक काम करायचे असल्यास रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, हे त्यांनी विक्री लांबेल याची पर्वा न करता स्पष्ट केले. असा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीच्या काळात पोलिसांचे स्थानिक आदेश स्वतंत्रपणे तपासण्यासही त्यांनी बजावले. नोंदणीची माहिती मात्र घाईत उरकली.