खेळातला पैसा कळायचा तर कोणाला वाचावं? एक्सच्या 'लिस्ट'ची झडती

एक्सच्या शोधपट्टीत 'स्पोर्ट्स बिझनेस' टाकून बघा. आयपीएल संघमालकाचा फोटो, त्यावर ठसठशीत आकडा, खाली 'थ्रेड नक्की वाचा'. आकडा एका वर्षाचा की पाच वर्षांचा, रुपयातला की डॉलरमधला, महसूल की नफा, काही पत्ता नाही. 'फॉर यू' हा टॅब म्हणजे संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनचा पूल: गर्दी नेईल तिकडे जायचं. मात्र याच अ‍ॅपमध्ये 'लिस्ट' नावाची एक फुकट आणि दुर्लक्षित सोय आहे: आपण निवडलेल्या खात्यांच्याच पोस्ट एकत्र दाखवणारी. नेरूळ-खारघरच्या अकादम्या चालवणारे, घोडबंदर रोडला टर्फ टाकलेले, स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकणारे, अशा कोणालाही खेळाचा धंदा आणि तंत्रज्ञान नेमकं समजून घ्यायचं असेल तर अ‍ॅपमधला वापरण्याजोगा भाग तेवढाच. बाकीचं अ‍ॅप न उघडलं तरी चालेल.

लिस्ट बनवायला पाच मिनिटं लागतात. मेनूतून 'लिस्ट्स', नवी लिस्ट, आणि नाव देतानाच 'प्रायव्हेट' चालू करायचं. हे विसरू नका. लिस्ट सार्वजनिक असली की तुम्ही जोडलेल्या माणसाला तशी सूचना जाते, आणि पुढेमागे त्याला काढून टाकताना उगाच संकोच वाटतो. मग ज्याचं खातं आवडलं त्याच्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून त्याला लिस्टमध्ये टाकायचं. त्यासाठी फॉलो करावं लागत नाही, हा मोठा फायदा. शेवटी लिस्ट पिन करायची, म्हणजे ती होमवर स्वतंत्र टॅब म्हणून दिसते. एका लिस्टमध्ये पाच हजार खाती मावतात, पण चाळीसच्या वर गेलात की लिस्टचा पुन्हा पूल होतो. आमच्या मते धंद्याची एक आणि तंत्रज्ञानाची एक अशा दोन लिस्ट, प्रत्येकी वीस-पंचवीस नावं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की घणसोली यायच्या आत एक लिस्ट वाचून होते.

अवघड काम पुढे आहे: या वीस जागा द्यायच्या कोणाला?

निळ्या टिकवर जाऊ नका. नोव्हेंबर 2022 पासून ती पैसे भरून मिळते, त्यामुळे ती ओळखीचा दाखला राहिलेली नाही, ज्ञानाचा तर कधीच नव्हती. फॉलोअर्सची संख्याही बाजूला ठेवा. त्यापेक्षा आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांवर तो माणूस काय लिहितो ते बघा. जून 2022 च्या लिलावात 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटींना गेले. 410 सामन्यांनी भागलं की सामन्यामागे 118 कोटी. इथपर्यंत सगळेच येतात. जाणकार इथून पुढे सुरू होतो. तो सांगतो की बोली सामन्यामागे होती: भारतातल्या टीव्हीसाठी साडेसत्तावन्न कोटी, डिजिटलसाठी पन्नास. मग उरलेले साडेदहा कोटी कुठले? निवडक सामन्यांचं वेगळं डिजिटल पॅकेज आणि परदेशातले हक्क. आणि 410 हा आकडा कशावर बेतला होता? हंगामाचे सामने 74 वरून 84 आणि शेवटी 94 होतील या हिशेबावर. 2025 चा हंगाम प्रत्यक्षात 74 सामन्यांचाच झाला. म्हणजे सामन्यामागचा दर आणि एकूण रक्कम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच बोलावं लागतं. ज्याच्या पोस्टमध्ये हा फरक दिसतो, त्याला लिस्टमध्ये जागा द्या.

त्याहून वरचा एक थर आहे. त्या लिलावात टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने घेतले, डिजिटलचे वायकॉम18 ने. नोव्हेंबर 2024 मध्ये दोघांचं विलीनीकरण पूर्ण झालं आणि एकमेकांविरुद्ध बोली लावणारे एकाच घरात आले. पुढच्या लिलावात समोर बोली लावायला उरेल कोण, हा प्रश्न जो विचारतो त्याला वाचावं. 'आयपीएल जगात भारी' एवढंच लिहिणाऱ्याला वाचून हाती काही लागत नाही.

जुन्या पोस्ट तपासायची युक्ती तर फारच कामाची. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी जो तो महिला क्रिकेटच्या अर्थकारणाचा तज्ज्ञ झाला. त्यातले खरे कोण? शोधपट्टीत इंग्रजीत 'फ्रॉम', कोलन, जागा न सोडता खात्याचं नाव. मग 'अन्टिल', कोलन आणि 2025-11-02. शेवटी हवा तो शब्द, समजा डब्ल्यूपीएल (महिलांची प्रीमियर लीग). फक्त त्या तारखेच्या आधीच्या पोस्ट समोर येतात. जानेवारी 2023 मध्ये डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना गेले, पाठोपाठ पाच संघ मिळून जवळपास 4,670 कोटींना विकले गेले, आणि त्याच मार्चमध्ये पहिला सामना याच नेरूळच्या मैदानावर झाला. तेव्हा या माणसाने काय लिहिलं होतं? काहीच नसेल तर तो लाटेवर आलेला. लिहिलं होतं पण अंदाज चुकला होता, असं दिसलं तर मात्र घाई करू नका. चूक मान्य करून पुढे दुरुस्त केली असेल तर तो माणूस सोन्यासारखा.

हीच युक्ती जाहिराती पकडायलाही चालते. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या फँटसी खेळांवर बंदी आली. त्याआधीच्या पोस्ट उघडा. 'स्पोर्ट्स टेक विश्लेषक' म्हणवणारी बरीच खाती तेव्हा रोज एखाद्या फँटसी अ‍ॅपचा कोड वाटत होती असं दिसेल. जाहिरात करणं हा गुन्हा नव्हे. पण 'अ‍ॅस्की' या जाहिरात-नियमन संस्थेच्या 2021 च्या नियमांनुसार पैसे घेतलेल्या पोस्टवर तसं लिहायला हवं. लेबल नसेल तर खातं बाहेर.

तंत्रज्ञानाच्या लिस्टसाठी कसोटी डीआरएसची, म्हणजे पंचाचा निर्णय कॅमेऱ्यांवरून पुन्हा तपासायच्या पद्धतीची. एलबीडब्ल्यूच्या निकालाचा स्क्रीनशॉट टाकून 'मॅच फिक्स' ओरडणारे लगेच ओळखू येतात. जाणकार सांगतो की पडद्यावरची रेषा हा फोटो नव्हे. चेंडू पॅडला लागेपर्यंतचा मार्ग कॅमेऱ्यांनी मोजलेला असतो, त्यापुढचा गणिताने काढलेला. यॉर्करसारखा चेंडू टप्पा पडल्यापडल्याच पॅडवर आदळतो, टप्प्यानंतरच्या फ्रेम फारच कमी हाती लागतात, आणि अंदाज तेवढा कच्चा राहतो. म्हणूनच 'अंपायर्स कॉल' ठेवलाय: चेंडू यष्टीला लागतोय, पण निम्मा चेंडू यष्टीच्या पट्ट्यात येत नसेल, तर मैदानातल्या पंचाचा निर्णय कायम. आयपीएल 2024 मध्ये आलेली स्मार्ट रिप्ले पद्धतही अशीच तपासा. कॅमेरे आठ होते हे कोणीही लिहील. खरा बदल वेगळा होता: चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आय यंत्रणेचे दोन ऑपरेटर तिसऱ्या पंचाच्या खोलीतच बसू लागले आणि मधला टीव्ही डायरेक्टर गळाला. वेळ वाचला तो तिथे. फुटबॉलवाल्यांसाठी 2022 च्या विश्वचषकातली ऑफसाइड पकडायची यंत्रणा घ्या: छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूचे 29 बिंदू, सेकंदाला 50 वेळा नोंद, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा. चेंडूत वेगळा सेन्सर कशाला, हे ज्याला सांगता येतं (पास नेमका कधी सुटला तो क्षण ठरवायला), त्याच्याकडून आणखीही शिकायला मिळतं.

सुरुवात कोणापासून करावी? इंग्लिश फुटबॉलच्या हिशेबासाठी लिव्हरपूल विद्यापीठाचे किरन मॅग्वायर आणि 'स्विस रॅम्बल' या नावाने लिहिणारा ब्लॉगर. दोघेही क्लबचा ताळेबंद समोर ठेवून बोलतात, आणि इंग्लंडमधल्या कंपन्यांचे ताळेबंद सरकारी साइटवर फुकट मिळत असल्याने आपल्याला पडताळूनही बघता येतात. 'स्विस रॅम्बल'चा बराच मजकूर आता पैसे भरल्यावरच दिसतो. अमेरिकन बाजारासाठी जो पॉम्पलियानो. सोपं लिहितो, पण तिकडच्या लीगचं गणित जसंच्या तसं इकडे लावू नका. भारतातून जॉय भट्टाचार्य घ्यायलाच हवेत. कोलकाता नाइट रायडर्सपासून 2017 च्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकापर्यंत स्पर्धा आतून चालवलेला हा माणूस आहे, त्या विश्वचषकाचे सामने नेरूळलाही झाले होते. क्रिकेटच्या आकडेवारीसाठी हिमानीश गंजू आणि जॅरड किंबर. कोडिंग येत असेल तर क्रिकशीट या साइटवरचा चेंडूगणिक डेटा फुकट उतरवून यांचे दावे स्वतःच तपासता येतात. याहून चांगला अभ्यास नाही.

लिंक्डइनबद्दल थोडक्यात: नोकरी बघायची असेल तर उत्तम, विचार ऐकायचे असतील तर 'कळवताना अत्यंत आनंद होतोय' फार. उपयोग करायचाच तर संघाच्या किंवा लीगच्या पानावर 'पीपल' उघडून डेटा, तिकिटविक्री, प्रायोजकत्व या खात्यांतली माणसं शोधा आणि प्रोफाइलवरची घंटा दाबून ठेवा, नाहीतर त्यांची पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर शिळी होते. यूट्यूबवर 'फ्रेंड्स ऑफ ट्रॅकिंग' हे एक चॅनल पुरे. खेळाडूंच्या हालचालींच्या डेटावर काम कसं करतात ते तिथे माणसं कोडसकट दाखवतात.

आता दोष. लिस्टमध्ये नावापुढे टीप लिहायची सोय नाही, त्यामुळे सहा महिन्यांनी हा कोण आणि का घेतला होता ते आठवत नाही. सविस्तर शोधाचा तक्ता वेबवर मिळतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ते शब्द हातानेच टाइप करावे लागतात, आणि कोलननंतर चुकून जागा सुटली की शोध फसतो. आयपीएलच्या लिलावाच्या दिवशी चांगली खातीही मीम टाकत सुटतात, त्या दिवशी लिस्ट उघडूच नका.

मोठी उणीव मराठीची. इंग्रजीत 'लँग', कोलन आणि मराठीचा संकेत 'एम-आर' टाकून 'प्रक्षेपण हक्क' शोधा. बहुतेक बातम्यांचे मथळेच येतात, विश्लेषण क्वचित. नेरूळच्या स्टेडियमचंच घ्या. 2022 च्या आयपीएलमध्ये साखळीचे 20 सामने तिथे झाले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. खासगी मैदान क्रिकेट नसलेल्या दिवसांत कशावर चालतं, यावर मराठीत कोणी आकड्यांनिशी लिहिताना दिसलं तर वीस जणांची मर्यादा मोडून त्याला आत घ्या.

टिपांची अडचण साध्या तक्त्याने सुटते. चार रकाने: खातं, कशासाठी घेतलं, आकड्याचा स्रोत देतो का, चूक दुरुस्त केल्याची तारीख. तीन महिन्यांनी चौथा रकाना बघायचा. ज्याच्या नावापुढे तो कोरा आहे त्याच्या दहा जुन्या पोस्ट उघडा: एकतर तो कधी चुकलेला नाही, किंवा चुकलेल्या पोस्ट उडवून टाकतो. दुसरं निघालं तर तीन टिंबं, लिस्टमधून बाहेर.