ब्रीडरने घर पाहून दिलेलं लॅब्रॅडॉरचं पिल्लू: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

पिल्लू आपण निवडायचं नाही, ब्रीडरने (पैदास करणाऱ्याने) घर पाहून ठरवून द्यायचं, ही पद्धत आपल्याकडे अजून फार रुळलेली नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, घरात आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं असताना या पद्धतीने आलेली लॅब्रॅडॉर मादी आता वर्षाची होत आली आहे. पद्धत उपयोगी ठरली, आणि पुन्हा पिल्लू आणायचं झालं तर असंच आणावं असं आमचं ठाम मत झालं आहे. फक्त या पद्धतीची जाहिरात पिल्लांच्या ज्या स्वभाव-चाचणीवरून होते, त्या चाचणीचा वाटा यात सगळ्यात कमी आहे.

सुरुवात प्रश्नांपासून होते. घर कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, दिवसा घरात कोण असतं, पिल्लाला सलग किती तास एकटं राहावं लागेल, मुलांची वयं काय, धक्का लागून पडू शकेल असं कोणी घरात आहे का, पहाटे फिरायला नेणार कोण, स्वयंपाकघरात अंडी-मांस चालतं का. आधीचं कुत्रं होतं का आणि ते कशाने गेलं, हाही प्रश्न होता, आणि तो फार महत्त्वाचा आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकून राहतो. वर्षभरात घरात पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर नुसत्या फिनाइलने पुसून भागत नाही, ब्लीच लागतं, आणि नवं पिल्लू लसींचा क्रम पूर्ण झाल्यावरच आणावं लागतं. हे विचारणारा ब्रीडर पिल्लू गेल्यावरही त्याचा विचार करणारा असतो.

रंगाची आवड मात्र त्याने सर्वात शेवटी विचारली. आपल्याकडे फॉन (फिकट पिवळसर) रंगाला मागणी जास्त आणि काळ्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. शंभरातल्या नव्वद अटी रंगावर आणि नर-मादीवर खर्च केल्या, तर जुळवायला ब्रीडरच्या हातात पिल्लूच उरत नाही. एका वेतात सात-आठ पिल्लं, त्यातल्या माद्या तीन-चार, त्यात फॉन दोन. मग निवड कसली? रंग आणि लिंग यांपैकी एकच अट ठेवा, जमल्यास एकही नको.

पिल्लं ४९ दिवसांची झाली की व्होलहार्ड चाचणी, म्हणजे वर म्हटलेली स्वभाव-चाचणी, घेतात. जॅक आणि वेंडी व्होलहार्ड या प्रशिक्षकांनी बसवलेल्या या चाचणीत दहा भाग आहेत आणि प्रत्येकाला १ ते ६ गुण. अनोळखी माणसाने बोलावल्यावर पिल्लू येतं का, मागे चालतं का, उताणं धरल्यावर ३० सेकंदांत काय करतं, छातीखाली हात घालून जमिनीवरून उचलल्यावर काय करतं, कागदाचा बोळा टाकल्यावर आणतं का, पंज्याच्या बोटांमधली कातडी हळूहळू दाबल्यावर कधी कुरकुरतं, पातेल्यावर चमचा वाजवल्यावर, दोरीला बांधलेला टॉवेल ओढल्यावर आणि समोर छत्री उघडल्यावर काय होतं, अशा गोष्टी पाहतात. बरेचसे १ आणि २ आले तर पिल्लू हट्टी, जोरकस. ३ आणि ४ आले तर साधारण घराला सोयीचं. ५-६ म्हणजे बुजरं किंवा स्वतःतच रमणारं.

चाचणी बिघडते ती घेण्याच्या पद्धतीत. खोली पिल्लाने कधी न पाहिलेली हवी आणि घेणारा माणूस अनोळखी हवा. ब्रीडर स्वतःच घेत असेल तर सगळीच पिल्लं लाडात येतात आणि गुण फसवे पडतात. एका वेळी एकच पिल्लू, जागं असताना, खाण्याच्या आधी. लस किंवा जंताचं औषध दिलेल्या दिवशी अजिबात नको. छत्री आणि पातेल्याच्या भागात पिल्लू दचकलं म्हणून त्याला नाकारू नका. दचकल्यावर सावरायला किती वेळ घेतं, ते पाहा. दोन-चार सेकंदांत परत येऊन छत्री हुंगणारं पिल्लू उत्तम. कोपऱ्यात जाऊन तिथेच बसणारं पिल्लू शहरातल्या गजबजलेल्या घरी देऊ नये.

एवढं सगळं नीट केलं तरी गुणपत्रिकेवर फार विसंबू नये. एरिक विल्सन आणि पेर-एरिक सुंडग्रेन यांनी स्वीडनमध्ये जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यातली चाचणी त्यांच्या मोठेपणीच्या चाचणीशी ताडून पाहिली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. पिल्लाच्या गुणांवरून मोठ्या कुत्र्याचा स्वभाव सांगता येत नाही, असंच त्यातून दिसलं. इथेही तोच प्रत्यय आला. चाचणीत बोळा आणण्यात उदासीन निघालेलं पिल्लू आज चेंडू सोडायला तयार नसतं.

खरा उपयोग झाला तो ब्रीडरच्या आठ आठवड्यांच्या निरीक्षणाचा. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची फीत, रोजचं वजन वहीत, कुठलं पिल्लू आईपासून उठून आधी माणसाकडे येतं, कुठलं जाळीवर चढून ओरडतं, भावंडाने जोरात चावल्यावर कुठलं थांबतं आणि कुठलं आणखी चेवतं, हे त्याला रोज दिसत असतं. तुम्ही एका रविवारी तासभर जाता. त्या तासात जे पिल्लू धावत येऊन बुटाची लेस ओढतं ते सगळ्यांना आवडतं, आणि पुष्कळदा तेच वेतातलं सर्वात दांडगं असतं. जे कोपऱ्यात झोपलेलं असतं त्याची दया येते, ते कदाचित नुकतंच जेवलेलं असतं. आजी-आजोबांच्या घरासाठी ब्रीडरने ‘मधलं’ पिल्लू दिलं: पहिलं धावत न येणारं, पण बोलावल्यावर येणारं आणि मांडीवर धरलं की अर्ध्या मिनिटात सैल पडणारं. ही शेवटची खूण आज वर्षभरानंतरही टिकून आहे. पशुवैद्याच्या टेबलावर, नखं कापताना, कान पुसताना ती शांत असते.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लांवर काम करून दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, जागा यांना आपलं मानायला शिकतं. त्यातले पाच आठवडे पिल्लू ब्रीडरकडेच असतं. म्हणून तिथे फरशी, माती, गवत, जाळी असे वेगवेगळे पृष्ठभाग आहेत का, घरातला मिक्सर आणि कुकरची शिट्टी पिल्लांच्या कानावर पडते का, दाढीवाले, टोपीवाले, काठी घेतलेले, लहान असे तऱ्हेतऱ्हेचे लोक त्यांना हाताळतात का, हे विचारा. शहराबाहेरच्या फार्मवर पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू वंशावळीने कितीही चांगलं असलं तरी लिफ्टच्या दाराला आणि रिक्षाच्या आवाजाला थरथरतं. या पिल्लाने गणपतीतले ढोल-ताशे बाल्कनीतून ऐकले आणि झोपून राहिलं. दिवाळीत सुतळी बॉम्बला दचकलं, पण थोड्या वेळाने जेवलं. दचकल्यावर जेवणं ही सावरल्याची चांगली खूण आहे.

बाजारात ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास मिळतात, कारण ती लहान, गोंडस दिसतात आणि खाण्याचा, लसीचा खर्च विकणाऱ्यावर पडत नाही. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा नुसता कागदी नियम नाही. इटलीत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ३० ते ४० दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये भीती, अति भुंकणं, वस्तू फोडणं, खाण्यावरून गुरगुरणं हे दोन महिने आईजवळ राहिलेल्यांपेक्षा जास्त आढळलं. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं. ते माणसाला शिकवायला गेलं की घरातल्या मुलांच्या हातावर ओरखडे उठतात.

कागदपत्रांबाबत कोणाचीही भीड धरू नका. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी पाहा. मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक स्कॅनरने वाचून घ्या आणि केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदावरच्या क्रमांकाशी जुळवा. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. तब्येतीसाठी आई-बापाचे खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे मागा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याचा कायमचा दर्जा २४ महिन्यांनंतरच देते, म्हणून दीड वर्षाच्या मादीचं वेत असेल तर तो दर्जा असूच शकत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांच्या पीआरए-पीआरसीडीची आणि व्यायामाने कोसळण्याच्या ईआयसीची डीएनए चाचणीही हवी. दोन्ही दोष अप्रभावी जनुकाचे आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून दोषी जनुक आलं तरच आजार होतो. एकच दोषी जनुक असलेला तो वाहक. एक पालक वाहक आणि दुसरा स्वच्छ असेल तर पिल्लू आजारी पडत नाही, दोन्ही वाहक असतील तर चारातल्या एकाला धोका. ‘डबल बोन’, ‘हेवी पंजा’ हे जाड हाडापेराची फुशारकी मारणारे विक्रेत्यांचे शब्द ऐकले की समजा, समोरच्याकडे एक्स-रे नाहीत. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि बॅच क्रमांक हवा. नुसती तारीख आणि सही असेल तर लस झाली असं धरू नका.

पिल्लांची आई भेटलीच पाहिजे. ती अनोळखी माणसाला पाहून लपत असेल तर परत या. बाप बहुतेक वेळा दुसरीकडे असतो, तेव्हा रस्त्यावर, गर्दीत चालतानाचा त्याचा व्हिडिओ मागा.

आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू साधारण साडेचार ते सहा किलोचं असतं आणि दिवसातले सोळा-अठरा तास झोपतं. आल्यावर दहा दिवस ब्रीडरकडचंच खाणं ठेवा, मग आठवडाभरात हळूहळू बदला. दूध-पोळीवर ही जात वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. पुढचा मुद्दा कळकळीने सांगतो: मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर वर कॅल्शियमचं टॉनिक देऊ नका. दुकानदार हमखास बाटली पुढे करतो. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शरीरात शिरतं आणि हाडांची वाढ बिघडते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात लॅब्रॅडॉरसह चार मोठ्या जातींची पिल्लं पाहिली. तीन महिन्यांच्या आत जी रोज जिने चढत-उतरत होती त्यांच्यात खुब्याचा दोष जास्त निघाला, आणि मऊ, उंच-सखल जमिनीवर मोकळी खेळणाऱ्यांत कमी. लिफ्ट बंद असेल तर पिल्लू उचलून न्या. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर धावपट्टी होते तिथे रबरी चटई किंवा जुनी सतरंजी अंथरा.

जुळवणीत जे बसत नाही तेही सांगायला हवं. भूक बसत नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी जनुकातला एक बदल सापडला. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये तो असतो आणि त्याने पोट भरल्याची जाणीव कमी होते. हे ४९ व्या दिवशी दिसत नाही, पाचव्या-सहाव्या महिन्यात ओट्यावरची पोळी गायब झाल्यावर दिसतं. खाणं वाटीने न घालता वजनकाट्यावर मोजून घाला, आणि बरगड्या हाताला लागतात ना, हे दर रविवारी पाहा. गाडीतली उलटी, केस गळणं, पट्टा ओढणं, एकटं राहिल्यावरचं रडणं, यांचाही ब्रीडरच्या निवडीशी फार संबंध नाही. एकटं राहण्याची सवय पहिल्याच आठवड्यापासून दोन-दोन मिनिटांनी लावावी लागते.

आठव्या महिन्याच्या आसपास ‘ब्रीडरने फसवलं’ असं वाटण्याचा काळ येतो. शांत पिल्लू हाक ऐकेनासं होतं, बस म्हटलं तरी बसत नाही. न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी ॲशर यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की याच वयात कुत्री घरच्या माणसाचं कमी ऐकतात आणि परक्याचं त्यामानाने जास्त. त्या कुत्र्यांमध्ये लॅब्रॅडॉरही होते. हे वय सरतं. या काळात शिक्षा वाढवू नका, लांब दोर लावून मैदानात न्या आणि हाक ऐकल्यावरचं बक्षीस वाढवा.

बाजारापेक्षा किंमत जास्त आणि काही महिन्यांची वाट, हे दोन तोटे आहेतच. पण लेखी करारात, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्रं ठेवता आलं नाही तर ब्रीडर परत घेईल, हे कलम आहे. हे कलम नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नका. करारातली आणखी एक अट म्हणजे कुत्रं दोन वर्षांचं झालं की खुब्याचा एक्स-रे काढून त्याला पाठवायचा. वेतातल्या सगळ्या घरांकडून तो हे मागवतो आणि त्यावरून ती मादी पुन्हा लावायची की नाही ते ठरवतो. भूल आणि एक्स-रेचा खर्च घरच्यांनी करायचा असतो, तो आधीच धरून ठेवा.