लेकरांना घेऊन कच्च्या वाटेवर: पांदण, ट्रॅक की जिप्सी?

नागपुरात हल्ली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी घेणाऱ्यांत लहान लेकरांचे आईबाप बरेच दिसतात. गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी प्रश्न पडतो, पोरांना घेऊन जायचं कुठे? समोर तीन वाटा असतात: आपल्या गाडीनं शेतशिवारातली पांदण, ऑफ-रोडवाल्या मंडळींसोबत खड्ड्याचढावांचा ट्रॅक, नाहीतर जंगलात भाड्याची उघडी जिप्सी. मोठ्या माणसाला तिन्हीकडे सारखीच मजा येईल. लेकराच्या मानेला, पोटाला आणि जिवाला मात्र तिन्ही वाटा फार वेगळ्या पडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर फक्त हिवाळ्यातली पांदण, तीही मागे तोंड असलेल्या चाइल्ड सीटवर. जिप्सी साधारण सहा वर्षांनंतर. ट्रॅकवर गाडीत बसवून न्यायचं तर आठेक वर्षं आणि पाठ असलेली बूस्टर सीट (गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी), तेही सोप्या भागापुरतं. अवघड अडथळ्यांसाठी मूल गाडीच्या मूळ पट्ट्यात नीट बसण्याइतकं, म्हणजे 145 ते 150 सेंटिमीटर उंच होऊ द्यावं. तोवर ट्रॅक बाहेर उभं राहून बघावा.

पांदण: सोपी, पण गाडीतून उतरल्यावर जपा

काटोल, कळमेश्वर, सावनेर या बाजूला संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या पांदणी लहान लेकरांसाठी सगळ्यात चांगल्या. वाट सपाट असते, वेग आपल्या हातात असतो, कंटाळा आला की गाडी वळवून परत फिरता येतं. शेतमालकाला विचारून जावं. विदर्भातला शेतकरी लेकरं बघून सहसा नाही म्हणत नाही. पेंच किंवा उमरेडकडे असाल तर एक लक्षात ठेवा, राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे. वाट दिसते म्हणून आत शिरायचं नाही.

आता पांदणीवर नेमकं काय होतं ते बघा. पावसाळ्यात बंड्या आणि ट्रॅक्टर चालून काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पडतात आणि दिवाळीनंतर त्या वाळून दगडासारख्या होतात. गाडीचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं कडेवर आलं की गाडी डावी-उजवीकडे हेलकावते. आपण स्टिअरिंगला किंवा हँडलला धरून असतो, म्हणून आपल्याला ते जाणवतही नाही. मागे बघा: दीड वर्षाच्या बाळाचं डोकं प्रत्येक हेलकाव्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर जातं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कोवळे असतात. तोंड मागे असलेल्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकाच कवचाला टेकलेली राहते, आणि पुढून धक्का बसला की जोर पाठभर पसरतो. चाइल्ड सीटसाठीच्या युरोपच्या आर129 नियमात 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवणं बंधनकारक आहे. कच्च्या रस्त्यासाठी मी तर म्हणेन, सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर मागेच राहू द्या. वेग ताशी दहाच्या आसपास, आणि अर्ध्या तासानं थांबायचंच. बाळ झोपलं असेल तर हेलकाव्यांची वाट टाळून सरळ घरी निघा, कारण झोपेत मान आणखी सैल पडते.

पांदणीवरचा खरा धोका गाडी थांबल्यावर सुरू होतो. शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो आणि काठावर गवत माजलेलं असतं, तीन वर्षांच्या पोराला ती दिसतच नाही. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन, म्हणजे तारेतून थोडा थोडा विजेचा झटका देणारं यंत्र, लावलेली असते; त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी थेट विजेच्या लाइनचा करंट तारेत सोडलेला असतो. तो बेकायदा आहे आणि त्यानं माणसंही मेली आहेत. म्हणून कुठल्याही तारेला हात लावायचा नाही, हे उतरण्याआधीच सांगायचं. कपाशीत नुकती फवारणी झाली असेल तर त्या शेतात पोरांना पाऊलही टाकू देऊ नका. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध पानांवर, बांधावर, सगळीकडे असतं. उतरल्यावर एका मोठ्या माणसाकडे एक लेकरू, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको.

ट्रॅक: बघायला सुंदर, बसायला घाई नको

ट्रॅकवर पांदणीसारखे हेलकावे नसतात, तिथे गाडी तिरकी होते, एक चाक हवेत जातं, उतारावरून नाक खाली करून उतरते. महिंद्राच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीच्या पोटामधलं अंतर, 226 मिलिमीटर आणि पाण्यात जायची क्षमता 650 मिलिमीटर, हे आकडे गाडीचे आहेत. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं काचेवर आपटायला एवढी उंची लागतही नाही, बाजूचा एक झटका पुरतो. शिवाय मूल घाबरलं तरी अडथळ्याच्या मधोमध थांबता येत नाही, आणि मागे रांगेत दुसऱ्या गाड्या असतात.

ट्रॅकबाहेर उभं राहून बघताना सगळ्यात जपायचा क्षण म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणं. दोर ताणला जातो, आणि हुक तुटला किंवा शॅकल (दोर गाडीला जोडणारी लोखंडी कडी) निसटला तर तो लोखंडी तुकडा गोळीसारखा सुटतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही लेकरू नको, आणि दोराच्या रेषेत तर कुणीच नको. चाक फिरत असलेल्या गाडीच्या मागेही नको, कारण चिखलासोबत दगड उडतात. अडकलेल्या गाडीत मूल असेल तर ओढायच्या आधी त्याला उतरवा. चिखलात सायलेन्सर बुजला असेल आणि इंजिन चालू असेल तर विषारी धूर आत शिरू शकतो, तेव्हा काचा बंद करून एसीत पोरांना बसवून ठेवणं फार धोक्याचं.

काही ग्रुप कुटुंबांसाठी वेगळा सोपा भाग ठेवतात. तसा असेल तर आधी एकट्यानं एक फेरी मारून या आणि मगच मुलाला बसवायचं की नाही ते ठरवा. आयोजकानं हेल्मेट, प्रथमोपचार आणि अडकलेल्यांना बाहेर काढायच्या गाडीची व्यवस्था दाखवली नाही, तर तिथून परतलेलं बरं.

जिप्सी: जंगल दिसतं, पट्टा दिसत नाही

पेंचचं सिल्लारी किंवा खुर्सापार गेट, नाहीतर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. नागपूरकराला हे जवळ पडतं आणि लेकरांच्या डोक्यात वाघ असतोच. जिप्सीच्या बाजूनं बोलायचं तर गाडी हळू चालते, चालकाला वाट पाठ असते आणि सोबत गाइड असतो. विरुद्ध बाजूला एकच मोठी गोष्ट आहे: मागच्या उंच बाकावर पट्टा नाही, चाइल्ड सीट लावायला जागा नाही, वर छत नाही. मूल मांडीवर बसतं, आणि झटका बसला की मांडीवरचं मूल हातात राहत नाही, आपली पकड कितीही घट्ट वाटली तरी. त्यात फेरी काही तास चालते आणि मधे मनाला येईल तिथे उतरता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला शू आली तर काय, हे आधीच विचारून घ्या.

31 डिसेंबर 2024 रोजी याच उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली होती आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. उघड्या गाडीत, रडणारं लेकरू मांडीवर, आणि पुढे-मागे गाड्यांची कोंडी: अशा जागी आईबापांच्या हातात काहीच नसतं. म्हणून निघतानाच चालकाला सांगायचं की आमच्यासाठी गर्दीत गाडी घालू नका, वाघ लांबून दिसला तरी चालेल.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी माझी पसंती गोरेवाड्याला. तिथली इंडियन सफारी 26 जानेवारी 2021 पासून सुरू झाली, बंद बस असते, आणि शहराच्या अगदी कडेला आहे. पोराला वाघ, अस्वल, बिबट दिसतात आणि तासाभरानं घरी जेवायला पोचता येतं. जिप्सीचा थरार त्यात नाही, हे खरं आहे. चार वर्षांच्या मुलाला तो फरक कळत नाही.

गाडी कोणती?

नवी घ्यायची असेल तर दारं मोजा. तीन दारांच्या थारला 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही चार स्टार मिळाले, मागे आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या) आहे, तेव्हा गाडी कमी नाही. पण मागच्या मुलापर्यंत पोचायला पुढची सीट वाकवावी लागते. गाडी तिरकी उभी आहे, पुढच्या माणसाला आधी उतरायचं आहे, मग सीट वाकवायची, मग आत ओणवं होऊन पट्ट्याचं बटण दाबायचं: एवढं होईस्तोवर फार वेळ जातो. आगीत किंवा पाण्यात तेवढा वेळ मिळत नाही. लेकरं असतील तर माझ्या मते पाच दारांच्या मारुती जिम्नी किंवा थार रॉक्स यांच्यातच निवड व्हावी. जिम्नी अरुंद आहे, बोरीबाभळीच्या मधून पांदणीत सहज जाते, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत मिळतात. पण मागे चाइल्ड सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे कुठे येतात ते शोरूममध्येच सीट नेऊन बघा. रॉक्सला भारत एनकॅप या आपल्याकडच्या टक्कर-चाचणीत मोठे आणि मुलं दोन्हीत पाच स्टार आहेत आणि मागे जागा ऐसपैस आहे. फोर बाय फोर मात्र डिझेलमध्येच मिळते. स्कॉर्पिओ-एनला 2022 च्या चाचणीत मोठ्यांसाठी पाच पण मुलांसाठी तीनच स्टार आले होते, हे घेताना आठवावं.

जुनी गाडी घेताय? जुन्या थारमध्ये आणि बोलेरोच्या मागच्या भागात आडव्या, बाजूला तोंड असलेल्या सीटा असतात. त्यांवर चाइल्ड सीट बसत नाही आणि समोरून धक्का बसला तर मूल बाजूला फेकलं जातं. त्या सीटांवर लेकरू नको, डांबरी रस्त्यावरही नको.

सीट आणि पट्टा

चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या 194 बी कलमाखाली हजार रुपये दंड आहे, तो वेगळाच. सीट घेताना कच्च्या वाटेसाठी दोन गोष्टी बघा. आयसोफिक्ससोबत वरचा पट्टा किंवा खाली टेकणारा पाय आहे का, कारण हेलकाव्यात सीटचा वरचा भाग पुढे झुलतो. आणि मोठ्या मुलासाठी पाठ नसलेली उशीसारखी बूस्टर स्वस्त मिळते, पण ती पांदणीवर कामाची नाही, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारीच घ्या. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंडाची सीट लावणं जिवावरचं आहे, ते कधीही करू नका.

डिसेंबरच्या सकाळी नागपुरात चांगलीच थंडी असते, म्हणून जाड जॅकेट घालूनच पोराला बांधतात. तसं करू नका. जॅकेट काढा, पट्टा खांद्याशी चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. घट्ट केल्यावर शाल वरून पांघरा. अर्ध्या तासाच्या हेलकाव्यांनी पट्टा पुन्हा सैल होतो, तेव्हा थांबाल तिथे परत चिमटीत धरून बघा.

चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, चिवडा देऊ नका, एका धक्क्यात दाणा श्वासनलिकेत जातो. जॅक, शॅकल, कंप्रेसर आणि पाण्याचा कॅन मागे पट्ट्यानं बांधा.

पाणी, ऊन आणि वेळ

लेकरं गाडीत असतील तर नाल्यातून गाडी घालायचीच नाही. वाहतं पाणी फूटभर झालं की लहान गाडी उचलली जाते आणि दोन फुटांत मोठीही वाहून जाते. जुलै 2022 मध्ये सावनेर तालुक्यात पुलावरून पाणी जात असताना मध्य प्रदेशातल्या एका कुटुंबाची स्कॉर्पिओ वाहून गेली, माणसं गेली. चाइल्ड सीटच्या पट्ट्यांत बांधलेलं मूल वाहत्या गाडीतून सोडवायला वेळच उरत नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीत फोर बाय फोरही घसरते, आणि एप्रिल-मेमध्ये 45 अंशांत बंद पडलेल्या गाडीचा आतला भाग मिनिटांत भट्टी होतो. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी, एवढंच वेळापत्रक मला लेकरांसाठी पटतं. सोबत दुसरी गाडी असावी. नसेल तर टायरची हवा कमी करून पुढे रेटण्यापेक्षा परत फिरा, कारण बाभळीच्या काट्यानं पंक्चर झालं तर पोरांना घेऊन रस्त्यावर चालत यावं लागेल.

पेंचच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. निघण्याआधी घरच्या एका माणसाला गावाचं नाव, वाट आणि परत यायची वेळ लिहून पाठवा, आणि वेळ टळून तासभर झाला की कुणाला फोन करायचा तेही त्याच संदेशात लिहा. वाटेत रामटेक पडत असेल तर तिथलं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते जातानाच बघून ठेवा. 108 ला फोन लागेपर्यंत तुम्ही स्वतः तिथे पोचू शकता.