ब्रेक पाईपचा पाना घेताय? सहा कोनीच घ्या

आमची वॅगन आर भावाकडून घेतलेली. तो रत्नागिरीला नोकरीला होता, त्यामुळे गाडी खालून खाऱ्या हवेनं खाल्लेली. इथे नागपुरात गाड्यांना एवढा गंज नसतो. मे महिन्यात पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही पकडून राहू लागलं. वर्धा रोडवरून घरी आल्यावर रिमला हात लावता येत नव्हता. कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मोकळा होता, म्हणजे दोष होजचा, चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक रबरी नळीचा. जुन्या होजचं आतलं रबर फुगलं की पेडलच्या जोरानं ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडतं.

होज स्वस्त मिळतो. खरं काम आहे त्याच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाईपचा १० मिमीचा नट होजमध्ये बसतो. एका गॅरेजात पोरानं त्याला सरळ फिक्स पाना लावला आणि मी तिथेच काम थांबवलं. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. नट गंजून जाम असला की तो फिरत नाही, त्याच्या कडा गोल होतात.

म्हणून ब्रेक पाईपचा खास पाना घ्यायला इतवारीत लोहा ओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाले, "ताई, काहून एवढा महागाचा घेता? फिक्सनं निघून जाते ना." नाही निघत. हा पाना म्हणजे तोंड कापलेला रिंग पाना. पावणेपाच मिमीचा पाईप त्या फटीतून आत जातो आणि नट जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरला जातो. तीन सहा कोनी पान्यांचा (तोंडाला आतून सहा कोन असलेल्या) संच सव्वाआठशेला मिळाला. दुकानात बारा कोनी संचही होता, थोडा स्वस्त. तो घेऊ नका. गंजलेल्या नटावर सहा कोनीच बसतो, बारा कोनी घसरतो.

पाना चांगला आहे, पण एकट्या पान्यावर भिस्त ठेवू नका. आधी पितळी ब्रशनं गंज झाडला, नटावर आणि पाईप नटात शिरतो तिथे गंज सोडवणारं तेल मारलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी ऊन चढायच्या आत पुन्हा तेल, मग छोट्या हातोडीनं नटाच्या बाजूंवर हलके ठोके. नट आणि पाईप दोघांवर मिळून व्हाइटनरची एक रेघ ओढली. रेघ तुटली म्हणजे नटच फिरतोय. रेघ अखंड राहून सरकली म्हणजे पाईपही सोबत पिळला जातोय. होजच्या षटकोनाला दुसरा पाना लावून धरला. नट आधी किंचित आवळला, मग सोडला. कट् असा आवाज आला, नारिंगी भुकटी खाली पडली आणि रेघ तुटली. तिथून पुढे पाव आटा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. घाई केली असती तर मोकळा होत आलेला नट पुन्हा अडकला असता. पूर्ण उघडण्याआधी सगळं तेल पुसून घ्या. खनिज तेल ब्रेकच्या रबरी सीलांना फुगवतं. गॅसची ज्योत तिथे अजिबात लावू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं.

नंतरचं काम नेहमीचं: नवा होज, बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे तांब्याचे वॉशर, ब्रेक ऑइलमधली हवा काढणं, इंजिन सुरू ठेवून पेडल दाबत गळती पाहणं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

संचातला १० मिमीचा पाना अगदी घट्ट बसतो आणि दांडा आखूड असल्यामुळे नको तेवढा जोर लागत नाही. हे मला फार आवडलं. ११ मिमीचं तोंड मात्र सैल वाटलं; ज्यांच्या गाडीला तो नट आहे त्यांनी दुकानातच नटावर बसवून पाहावा.

उजव्या चाकाला या पान्याचाही इलाज चालला नाही. तिथे रेघ अखंड सरकत होती, कारण पाईप नटातच गंजून चिकटला होता. अशा वेळी जोर लावू नका. पाईप पिळला गेला की आतून चिरतो आणि ते लगेच दिसत नाही. मी पाईप नटाजवळ कापला, उरलेल्या नटावर सहा कोनी सॉकेट लावून तो काढला आणि पूर्ण पाईपच नवा बनवून घेतला. पाईप बनवायला जाताना जुना पाईप नटासकट सोबत न्या. टोकाची फ्लेअर (पाईपची फुलवलेली कड) आणि नटाचे आटे दोन्ही जुळलेच पाहिजेत, नाहीतर जोडणी कितीही आवळली तरी गळत राहते.