स्पीड पोस्ट इंटरनॅशनल की खासगी कुरिअर? परदेशी विद्यापीठाच्या दूरशिक्षणात दोन सत्रं वापरल्यावर

पाकीट भरलं 262 ग्रॅम आणि पैसे गेले 500 ग्रॅमचे. 12 ग्रॅमसाठी! बाकी तक्रारी नंतर, आधी हे वजनाचं प्रकरण.

टपालखात्याच्या स्पीड पोस्ट इंटरनॅशनलचा दर पहिल्या 250 ग्रॅमला एक, मग पुढच्या प्रत्येक 250 ग्रॅमला आणखी. मधलं काही नाही, आणि वर 18 टक्के जीएसटी. अर्ज, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला अधिकृत उतारा) एवढं एकत्र केलं की गठ्ठा नेमका त्या रेषेवर येऊन बसतो. म्हणून हिशोब घरीच करायचा. ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम) कागद पानाला 5 ग्रॅम, 75 जीएसएमचा 4.7, आणि सर्टिफिकेटसाठी वापरतात तो 100 जीएसएमचा 6.2. हिरवं कापडी अस्तराचं पाकीट एकटंच 30 ते 40 ग्रॅम खातं. म्हणजे पाकीट धरून 80 जीएसएमची जेमतेम 42 पानं बसतात. झेरॉक्सवाल्याकडे 75 जीएसएमचा कागद मागून घेतला तर 50 पानांमागे 15 ग्रॅम वाचतात. वरच्या बारा ग्रॅमचा प्रश्न तिथंच मिटला असता.

प्लास्टिकची फाइल, पुठ्ठा, स्पायरल यातलं काहीही आत नको. पातळ पारदर्शक पिशवी मात्र हवीच, विशेषतः जून ते सप्टेंबर. पुण्यातून निघालेलं टपाल मुंबईमार्गे देशाबाहेर जातं आणि त्या वाटेत पाऊस गाठतोच. वजन करायचं ते पत्त्याचं लेबल आणि टेप लावून झाल्यावर. घरचा काटा 240 दाखवत असेल तर निर्धास्त जा, 248 असेल तर एखादं पान कमी करा. दमट हवेत कागद ओल धरतो आणि काउंटरचा काटा तुमच्या काट्याशी ग्रॅमभर जुळेलच असं नाही.

आता ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठानं सील करून, झडपेवर सही-शिक्का मारून दिलेलं पाकीट फुटलं की परदेशात त्याची किंमत शून्य. आणि काउंटरवर आत काय आहे ते दाखवावं लागतं. एका खासगी कुरिअरच्या शाखेत माणसानं हातात ब्लेडच घेतलं होतं. शब्दाला शब्द वाढला तेव्हा कुठं त्यानं ते खाली ठेवलं. उपाय साधा आहे. सीलबंद पाकीट मोठ्या उघड्या पाकिटात ठेवायचं, त्यावर विद्यापीठाचं पत्र आणि ट्रान्सक्रिप्टची झेरॉक्स ठेवायची, आणि बाहेरचं पाकीट काउंटरवर बघून झाल्यावरच डिंकानं बंद करायचं. डिंक आणि टेप सोबत न्या. लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं ॲपोस्टिलला (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून होणारं सरकारी प्रमाणीकरण) चालत नाहीत, कारण स्टिकर मूळ कागदावरच चिकटवतात. घरच्यांनी हौसेनं केलेलं लॅमिनेशन इथं नडतं.

खासगी कुरिअर म्हणजे उधळपट्टी, असं पहिल्या सत्रात पक्कं मत होतं. ते आता अर्धं बदललंय. मुदत दहा दिवसांवर आली असेल आणि कागद परत मिळवता येण्यासारखे नसतील तर जास्तीचे पैसे योग्य कामी लागतात. ट्रॅकिंगमध्ये दर टप्पा दिसतो आणि विचारायला फोनवर माणूस मिळतो. पण विद्यापीठाच्या पत्त्यात पीओ बॉक्स असेल तर कुरिअर तिथं देत नाही, पोस्टच लागतं. शिवाय पत्त्यासोबत विभागाचं नाव, विद्यार्थी क्रमांक आणि तिथला फोन नंबर नसेल तर पाकीट टपालखोलीत पडून राहतं, मग ते कुणीही नेलेलं असो.

पुस्तकं आणि कागदपत्रं एकत्र करू नका. पाठ्यपुस्तक घातलं की पाकिटाला कागदपत्रांचा दर मिळत नाही, वस्तूंचा लागतो, आणि सीमाशुल्काचा फॉर्म जोडावा लागतो. त्यावर ‘गिफ्ट’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘प्रिंटेड बुक्स, यूज्ड’, संख्या, किंमत आणि एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा सीमाशुल्कातला क्रमांक) 4901 लिहिलं की शंकेला जागा राहत नाही. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट शून्य दरानं आहे, तेव्हा खरं लिहिण्यातच फायदा.

कुरिअरनं पुस्तकं पाठवायची तर खोक्याकडे लक्ष द्या. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागायचं, आलेला आकडा आणि खरं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे. 3 किलो पुस्तकं 40 बाय 30 बाय 20 च्या खोक्यात भरली तर 4.8 किलोचे पैसे जातात. तेच खोकं उंचीला कापून 10 केलं की हिशोब 2.4 येतो आणि खऱ्या 3 किलोवर थांबतो. पुण्यात बोहरी आळीत पुठ्ठ्याची खोकी हव्या त्या मापाची मिळतात, मोजमाप घेऊन जा. कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा लावा. जाड पुस्तकाचा कणा आपटून सुटतो तो कोपऱ्यातूनच.

तिकडून पुस्तकं मागवणार असाल तर 2019 च्या अर्थसंकल्पापासून आयात छापील पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क आहे, त्याआधी ते नव्हतं. पाठवणाऱ्याला बिल खोक्याबाहेर चिकटवायला सांगा. कुरिअरनं येत असेल तर केवायसीचे कागद मेसेज आल्या दिवशीच अपलोड करा, नाहीतर खोकं अडतं.

पावतीचा फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात. स्पीड पोस्टचा क्रमांक 13 अक्षरांचा: सुरुवातीला इंग्रजी ई आणि आणखी एक अक्षर, मग 9 अंक, शेवटी आयएन. नववा अंक पडताळणीचा. अंधुक पावतीवरचा 3 की 8 ठरवायचा तर पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 नं गुणून बेरीज करा, 11 नं भागा आणि बाकी 11 मधून वजा करा. उत्तर 10 आलं तर शून्य, 11 आलं तर 5 धरायचं. ते नवव्या अंकाशी जुळलं तर वाचलेला अंक बरोबर. पाकीट तिकडे उतरलं की हाच क्रमांक त्या देशाच्या टपालखात्याच्या साइटवर टाका, ब्रिटनसाठी पार्सलफोर्स या तिथल्या पार्सलसेवेच्या. पुढची हालचाल तिथं आधी दिसते.